दोन पोर्टांचा लॅपटॉप

यमूने बोट वर केलं, पण उशिरा.

पडद्यावरची हिरवी पट्टी तोवर विझली होती. म्हणजे लॅपटॉपच्या मते आवाज केव्हाच देऊन झाला होता. नम्रताने पुढचा आवाज दिला. पट्टी पेटली, विझली. यमू तिच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या बाराखडीकडे बघत स्वस्थ बसली होती. हेडफोन तिच्या डोक्याला मोठे होत होते, म्हणून तिने ते एका हाताने धरून ठेवले होते. आणि मग, सगळं शांत असताना, तिचं दुसऱ्या हाताचं बोट अलगद वर गेलं.

"बघा," दाराशी उकिडवा बसलेला सावळ्या म्हणाला, "मी काय सांगत व्हतो? पोर आशीच हाय. मनात येल तवा करते."

"तू गप ऱ्हा ना जरा," रंभा त्याच्यावर डाफरली. "बायनी शांत बसाया सांगितलंय."

"शांतच बसलोय. सकाळपासना शांतच बसलोय. सामान कोण बांधणार, तुजा बाप?"

नम्रताने दोघांना हाताने थांबवलं. डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या या पाड्यावरच्या शाळेत एकच खोली होती आणि वर पत्रा होता. दिवाळी नुकतीच सरली होती तरी दुपारचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. बाहेरच्या निम्म्या झोपड्यांना कड्या लागल्या होत्या. माणसं वीटभट्ट्यांवर गेली होती. सावळ्या-रंभाला न्यायला उद्या उजाडायच्या आत ट्रक येणार होता, आणि ती परतणार थेट पावसाच्या तोंडावर.

रंभाने तपासणीआधीच नम्रताला स्पष्ट सांगितलं होतं. "माजी सासू हितंच ऱ्हाते. पोरीला तिच्याजवळ ठेवली आस्ती, शाळंत गेली आस्ती. पन म्हातारीनं हाक मारली न् ही वळलीच नाय तर? रानात गेली, वढ्याला गेली, कुटं शोधायची? तुमची मशीन सांगल की हिला ऐकू येल, तर ठेवते. नायतर भट्टीवर नेते. डोळ्यांम्होरं तरी ऱ्हाईल."

भट्टीवर डोळ्यांसमोर ठेवणंही सोपं नव्हतं. गेल्या वर्षी मागे येणाऱ्या ट्रकचा आवाज यमूला कळला नव्हता. रंभाने फ्रॉक धरून ओढली म्हणून वाचली. हे सांगताना रंभाने यमूच्या फ्रॉकची कड मुठीत धरली होती, जणू ट्रक अजून मागे येतच होता.

सात वर्षांची मुलगी. शाळेत तिला मंद ठरवून टाकलं होतं. शाळेचे सुदाम सर चांगले होते, पण चार इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या माणसाला मुलगी ऐकत नाही की तिला ऐकू येत नाही हे कुठून कळणार?

नम्रताने पुन्हा आवाज दिला. पुन्हा तेच. पट्टी विझल्यावर बोट.

मुलीला ऐकू आलं नाही अशी नोंद करायला नम्रताचं बोट कळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. कळ गरम होती. तिने तळवा लॅपटॉपच्या पाठीला लावला आणि चटकन मागे घेतला. भाकरी उलटल्यावर तव्याची कड लागावी तसा चटका बसला.

"यमू, दे बाळा जरा," म्हणत तिने हेडफोन काढून स्वतःच्या कानांवर चढवले आणि कळ दाबली. पट्टी पेटली. कानात काही नाही. पट्टी विझली. कानात काही नाही. आणि मग, तिने श्वास सोडता सोडता, बारीक 'टूं' आलं.

उशीर यमूला होत नव्हता. उशीर लॅपटॉपला होत होता.

*

हा लॅपटॉप नम्रतानेच निवडला होता.

शहापूरच्या ज्या संस्थेत ती कानांच्या तपासणीचं काम करायची, तिथे आधी एक काळा, जाडजूड लॅपटॉप होता. जीपचा ड्रायव्हर जयराम त्याला म्हैस म्हणायचा. म्हशीला दोन्ही बाजूंना मिळून इतके पोर्ट होते की त्यातले काही कशासाठी आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. ती तापली की तिच्या पोटातला पंखा घरघरायचा. आणि कानांच्या तपासणीत सगळ्यांत हळू आवाज द्यायची वेळ यायची तेव्हा हमखास ती तापलेली असायची. मुलाला आवाज ऐकू आला नाही, की पंख्याने तो गिळला? नम्रता म्हशीला व्हरांड्यात ठेवायची, लांब वायर खिडकीतून आत घ्यायची, स्वतः आत-बाहेर करायची. तरी मनात शंका राहायचीच. वैशाखऱ्याच्या शाळेतल्या काही मुलांचे निकाल आजही तिला खात्रीचे वाटत नव्हते. शिवाय जीपचा रस्ता संपतो तिथे पाडे संपत नाहीत, तिथे सुरू होतात. म्हशीला पाठीवर घेऊन टेकड्या चढून चढून नम्रताच्या कमरेने हाय खाल्ली होती. मुरबाडहून रोज येता-जाता एसटीतला प्रत्येक खड्डा तिला वेगळा ओळखता यायचा.

संस्थेतल्या हेमंतने तीन लॅपटॉपची चित्रं तिच्यापुढे मांडली होती.

"ताई, हा पातळ. पंखाच नाही, म्हणजे आवाज नाही. वजन वहीएवढं. पण तापला की हळू होणार, आणि पोर्ट दोनच. हा दुसरा, ह्याला पोर्ट भरपूर, जोर भरपूर, पंखा पण भरपूर. हा तिसरा दिसायला बरा आहे, पण तुमच्या पाड्यावर जेवणापर्यंत सुद्धा बॅटरी टिकणार नाही."

"सगळं एकात नाही का मिळत?"

"मिळतं की. मग तो चार माणसांनी उचलायचा."

"पंखा नको," नम्रता म्हणाली होती. "बाकी मी बघून घेईन."

पातळ लॅपटॉप आला तेव्हा तिने तो एका हाताने उचलला आणि तिला लहान मुलीसारखं हसू आलं. तपासणीचे आवाज हेडफोनमध्ये सोडणारी जुनी पेटी त्याला जोडायला बोटभर लांबीचा एक जोडतुकडा लागत होता. एकाला चार पोर्ट करणारा मोठा जोड हेमंतने मागवला होता. तो आज येणार, उद्या येणार असं चाललं होतं. तोवर चाललंच होतं म्हणा. रात्री घरी चार्जिंग, दिवसा शिबिर.

आज मात्र खालच्या पाड्यावर मुलं जास्त आली, आणि यमूची पाळी येईपर्यंत बॅटरीचं चिन्ह लाल झालं. बॅटरी खाली गेली की हा लॅपटॉप स्वतःच आपला जोर आवरता घेतो. त्यात वरून पत्रा. आवाज उशिरा न येईल तर काय?

*

"चार्जर लावू या," नम्रता म्हणाली. एका पोर्टात तपासणीची पेटी होती. तिने चार्जरची पिन दुसऱ्यात घातली. गेली नाही. उलटी करून घातली. अर्धी गेली आणि अडली.

"जयरामभाऊ, मोबाईलचा टॉर्च दाखवा."

जयराम व्हरांड्यात आडवा झाला होता. तो आला, उजेड पाडला, आणि दोघांनी त्या नखाएवढ्या फटीत डोकावून पाहिलं. आत लाल होतं. लाल आणि टणक.

नम्रताने मान वर करून जयरामकडे पाहिलं. जयरामने छताकडे पाहिलं.

दसऱ्याला संस्थेच्या अंगणात जीप धुऊन उभी केली होती. तिच्यापुढे पाटावर पाना, जॅक, कानांची पेटी, वजनकाटा आणि हा नवा लॅपटॉप. हळद-कुंकू कालवून जयरामने सगळ्यांना बोटं ओढली होती, आणि नव्या पाहुण्यावर मूठभर ओल्या अक्षता जरा जास्तच टाकल्या होत्या. नम्रताने नंतर झाकण पुसलं होतं. कडा पुसायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर दोन्ही पोर्ट एकाच वेळी लागायची वेळ आजवर आली नव्हती, म्हणून कळलंही नव्हतं.

"देवाचं केलं ते काय चुकलं का?" जयराम पुटपुटला. "म्हशीला दर साली लावायचो. ती कधी बोलली नाय."

"तिला एक बुजला तर पाच होते, भाऊ."

"मंग तेच म्हनतो मी. म्हैस ती म्हैस."

"आणि तिला इथवर चढवलं कोणी असतं? तुम्ही?"

जयरामने फटीत पुन्हा एकदा उजेड टाकला. मग म्हणाला, "पेटी काढा नि हिकडच्या भोकात चार्जर लावा की. थोडं चार्जिंग होऊ दे."

"इथली लाइट दोनला जाते ना?"

"जाते, आन् पाचला येते," सुदाम सर दारातून म्हणाले. "आली तर."

वेळ थोडा होता. चार्जिंगला बसवला तर तपासणी राहणार, तपासणी केली तर लॅपटॉप मधेच मान टाकणार. पूर्ण जोर हवा असेल तर पेटी आणि चार्जर, दोन्ही एकदम जोडलेले हवेत.

"खाली न्यायची का पोरीला? डोळखांबला?" जयरामने विचारलं.

"आता?" सावळ्या उठलाच. "बाजाराच्या गोंगाटात? आन् माजी चूल, भांडी, कोंबड्या कोन बांधणार? ऱ्हाऊ दे बाय. तुमी लय केलं. नशिबात नाय पोरीच्या." त्याने खमिसाला लावलेली पिन काढून पुढे केली. "नायतर ही घ्या. कुरतडा."

"नको!" नम्रता इतकी जोरात ओरडली की यमूनेही वळून पाहिलं. "लोखंड नको. आत बारीक दाते आहेत. एक जरी वाकला तर संपलंच."

रंभा पुढे सरकली. तिने जयरामच्या हातातला मोबाईल घेतला, उजेड फटीवर धरला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"कनी हाय," ती म्हणाली. "तांदळाची. आडवी बसलीय. ह्या आंगाला."

"दिसतेय तुम्हाला?"

"काटा रुतल्यावानी दिसते." ती उठून बाहेर गेली. शाळेमागच्या करवंदीच्या जाळीतून काटा मोडल्याचा बारीक आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या चिमटीत दोन काटे होते, एक सरळ, एक जरा वाकडा.

नम्रताने लॅपटॉप पूर्ण बंद केला आणि पेटीची वायर काढली. वाळका काटा, धातू नाही. चालेल. खरं तर याहून बरं तिच्या पिशवीत काही नव्हतं. "मधे एक जिभेसारखी पट्टी आहे. तिला लावू नका. कडेने."

रंभाने भिंतीला पाठ टेकली. काटा काढायला कुणाचा पाय घ्यावा तसा तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, डाव्या हाताच्या अंगठ्याने घट्ट दाबून धरला.

"हालू नको," ती सवयीने त्यालाच म्हणाली.

जयराम हसला आणि लगेच त्याने जीभ चावली. आधी लाल भुकटी निघाली. रंभाने फुंकर मारली. मग वाकडा काटा घेतला, आत सरकवला, किंचित फिरवला आणि ओठ मुडपून हळूच बाहेर ओढला. काट्याच्या टोकाशी तांदळाची लालभडक कणी चिकटून आली होती.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या लॅपटॉपला उपाशी ठेवला आसंल कोनी, म्हनून तांदूळ खाल्लान त्यानी."

यमूने तळहात पुढे केला. रंभाने कणी तिच्या हातावर ठेवली.

चार्जरची पिन आत गेली आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक वीज चमकली. पण लॅपटॉप अजून तापलेलाच होता. नम्रताने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात खिचडीचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं घासून ठेवलं होतं. तिने हात लावला. गार, ओलसर.

"सर, हे घेऊ का?"

"घ्या की. आता कुठे खिचडी शिजतेय?"

तिने पातेलं फरशीवर उपडं घातलं, फडक्याने कोरडं केलं आणि त्याच्या सपाट बुडावर लॅपटॉप ठेवला. धातूला धातू टेकला. आतली ऊब पातेल्याच्या रुंद अंगावर पसरत जाणार, एवढंच. पंखा नको म्हणून आपणच म्हणालो होतो, ती मनात म्हणाली. मग पंख्याचं काम कुणीतरी करायलाच हवं. यंत्रातून जे जे काढून टाकलं, ते ते बाहेरून पुरवावं लागतं. पातळपणा असाच मिळतो.

जयरामने सुदाम सरांचा पुठ्ठा उचलला आणि कुणी न सांगता वारा घालायला बसला.

"म्हशीला वारा घालावा लागत नव्हता," तो म्हणाला.

"भाऊ."

"नाय, आपलं सांगून ठेवलं."

*

थोड्या वेळाने नम्रताने पेटी पुन्हा जोडली, लॅपटॉप चालू केला आणि हेडफोन स्वतःच्या कानांवर लावले. पट्टी आणि आवाज बरोबरीने आले, जोडीने चालणाऱ्या बैलांसारखे. सगळ्यात बारीक आवाजाच्या वेळी पट्टी पेटली आणि तिच्या कानात काहीच आलं नाही. तिने ध्वनी थोडा वाढवला, मग तो आला. हे तिला नवीन होतं. म्हशीच्या घरघरीत कधी लक्षात आलं नव्हतं. चाळिशी ओलांडली की कानांचं असं होतं हे ती इतरांना सांगत आली होती. तिने हेडफोन काढले आणि यमूच्या डोक्यावर ठेवले.

"जयरामभाऊ, पुठ्ठा थांबवा. आता कुणी श्वास पण मोठ्याने घेऊ नका."

खोली इतकी शांत झाली की पत्रा उन्हाने तडकल्याचा आवाज आला. लॅपटॉपचा मात्र काहीच आवाज नव्हता. हाच लॅपटॉप, हीच शांतता तिने मागितली होती.

पट्टी पेटली. यमूचं बोट वर गेलं. पट्टी पेटली, बोट वर. आवाज कमी. बोट वर. आणखी कमी. बोट नाही. जरा जास्त. बोट वर. प्रत्येक वेळी नेमकं, शहाण्या मुलीसारखं. सुदाम सर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. चौथ्या-पाचव्यांदा बोट वर गेल्यावर त्यांनी खाली पाहिलं.

डावा कान झाला, उजवा झाला. दोन्हींत सारखंच होतं. मोठ्याने बोललेलं यमूपर्यंत पोचत होतं, नेहमीचं बोलणं नाही. म्हणजे ती जगाच्या बाहेर नव्हती, उंबऱ्यावर उभी होती.

नम्रताने पिशवीतून चाचणीसाठीचं कानामागे बसणारं यंत्र काढलं, यमूच्या निकालाप्रमाणे ते लॅपटॉपवरून जुळवलं आणि तिच्या उजव्या कानाला लावलं. ते जुळवून संपतं न संपतं तोच चार्जरचा दिवा गेला. लाइट गेली होती.

"झालं का?" रंभाने विचारलं.

"झालं. ऐकू येईल हिला, यंत्राने."

सावळ्या उठला, मैदान ओलांडून आपल्या झोपडीच्या दारापर्यंत गेला आणि तिथून, ओरडून नाही, सांजेला घरी बोलवावं तशी हाक मारली, "यमू!"

यमूने मान वर केली. दाराकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, जयरामकडे पाहिलं. सावळ्याकडे नाही पाहिलं.

तो परत आला. "नाय वळली."

"ऐकलं तिने," नम्रता म्हणाली. "आवाज आला हे कळलं. कुठून आला, काय म्हणाला, हे शिकावं लागेल. आपण अंगावर पीत होतो तेव्हा शिकलो, ही आता शिकेल. पण त्याला हिच्याशी रोज कुणीतरी बोलायला हवं. आजी, शाळा, सर. भट्टीच्या धुळीत हे यंत्र महिनाभर टिकणार नाही. मी पंधरवड्याने येते, दुसऱ्या कानाचं घेऊन."

"आन् हे? हे ठेवून जानार तुमी?"

"ठेवून जाणार."

"हेमंतसाहेब बोंबलतील," जयराम म्हणाला. "चाचनीचं एकच हाय."

"बोंबलू देत. तो जोड कधीचा मागवलाय म्हणावं, आधी तो आण."

"मी बोलेन हिच्याशी," सुदाम सर म्हणाले. "समोर बसवतो. अगदी समोर."

सावळ्या रंभाकडे बघत राहिला. रंभा यमूकडे. यमू फरशीवर पातेल्यापाशी बसली होती. नम्रताने लॅपटॉप उचलून पिशवीत घातला होता, आणि उपड्या पातेल्याचं गोल बूड रिकामं होतं. यमूने मूठ उघडली. कणी अजून तिच्या हातात होती. तिने चिमटीत धरून ती पातेल्यावर टाकली.

टिक्.

तिने पातेल्याकडे पाहिलं. कणी शोधून उचलली. जरा उंचावरून टाकली.

टिक्.

ती आईकडे वळली आणि डोळे मोठे करून पातेल्याकडे बोट दाखवलं, की तुला हे माहीत होतं का?

"व्हय गो," रंभा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बाहेर व्हरांड्यात गेली.

थोड्या वेळाने ती सावळ्याला म्हणाली, "तिची कापडं काढ गाठोड्यातनं."

"आता? आवळून बांधलंय ते."

"मंग सोड."

मुरबाडची शेवटची एसटी गाठायची म्हणून जयराम घाई करत होता. नम्रताने पिशवी खांद्याला लावली. खरंच वहीएवढं वजन. पायवाटेच्या वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. झोपडीपुढे सावळ्या गाठोड्याची गाठ दातांनी ओढत होता. ती सुटली तशी त्याने आतून दोन छोटे फ्रॉक काढले, झटकले, घडी केली आणि घरातल्या दोरीवर टाकायला आत गेला. गाठोडं पुन्हा बांधलं तेव्हा ते जरा लहान झालं होतं.

शाळेतून कणीचा टिक् आवाज अजून येत असणार. इतक्या लांबून तो नम्रताला ऐकू आला नाही.